बोरघाटातल्या प्रेमकथेत विठ्ठल किती असावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बोरघाटात रेल्वेचं काम चालू असताना, म्हणजे १८५०च्या दशकाच्या शेवटी घडणारी प्रेमकथा तुम्ही लिहिताय. नायिका गोदा मावळातल्या माळकरी कुणब्याच्या घरची, तरुण विधवा, पाट्या वाहायला कामावर आलेली. नायक भिवा वडार, सुरुंग झाल्यावर दगड फोडणारा. कादंबरीत भक्ती हवी, कारण वारी तुमच्या घरातच आहे. पण वाचायला दिलंत तेव्हा एक जण म्हणाला कीर्तन झालंय, आणि भक्ती छाटल्यावर दुसरी म्हणाली की आता नुसतं प्रेमप्रकरण उरलंय. तर प्रमाण किती ठेवायचं?

मी वीसेक वर्षं लोकांची हस्तलिखितं संपादतोय. माझ्या स्वतःच्याही दोन ऐतिहासिक कादंबऱ्या आहेत, पैकी पहिली कुणाच्या हाती लागू नये असं वाटतं. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची अडचण प्रमाणाची नाही. भक्ती म्हणजे आमटीतलं मीठ नव्हे, की चिमूटभर कमीजास्त केलं आणि चव जमली. तुम्ही पाठवलेल्या तीन प्रकरणांत मी एक उद्योग केला. भक्तीचे सगळे परिच्छेद पेन्सिलीनं खोडले आणि उरलेलं वाचलं. गोष्टीत कुणाचाही एकही निर्णय बदलला नाही. गोदा तेच करते, भिवा तेच करतो, मुकादमही तसाच वागतो. मग ती भक्ती दाराला लावलेलं तोरण झाली. आत कोण राहतं ते तोरणावरून कळत नाही.

श्रद्धा गोष्टीत केव्हा येते? ती पात्राला काहीतरी करायला लावते आणि त्याची किंमत मोजायला लावते तेव्हा. गोदाच्या गळ्यात माळ आहे असं तुम्ही चार वेळा लिहिलंय. माळ म्हणजे काय? मांसमच्छी नाही, दारू नाही, एकादशीला उपास, जमलं तर वारी. आता हे सगळं उक्त्या कामाच्या छावणीत नेऊन ठेवा. भिवाच्या चुलीवर घोरपड शिजते. त्याच्या देवीला कोंबडं लागतं. एकादशीला गोदाच्या पोटात काही नाही, पण मुकादमाला तिथीशी देणंघेणं नाही, त्याला खेपा मोजायच्यात. आणि वारीला जायचं म्हणजे महिनाभर खाडा. एवढ्यातच तीन प्रकरणांची भांडणं आहेत, आणि एकातही प्रवचन लागत नाही.

तुमचाच एक उतारा घेतो. तुम्ही लिहिलंय: "गोदाने डोळे मिटले. तिच्या ओठांवर विठ्ठलाचे नाम होते. क्षणात तिच्या मनाला अपूर्व शांती लाभली." हे वाक्य कोणत्याही गोष्टीत, कोणत्याही बाईला चिकटवता येईल. मी काय केलं असतं ते बघा:

"एकादशीला तिसऱ्या खेपेलाच पाटी जड झाली. मुकादम खेपेला एक चिंचोका टाकत होता. भिवानं पाटी भरता भरता वरचे दोन धोंडे काढून खाली ठेवले.
'भर पुरी,' गोदा म्हणाली.
'आज उपास हाय तुजा.'
'उपास माझा हाय. धोंड्यांचा न्हाई.'
त्यानं धोंडे परत ठेवले. चुंबळ सारखी करून ती निघाली. वळणापाशी गेल्यावर त्यानं पाहिलं, तिचे ओठ हलत होते. ती खेपा मोजत असेल असं त्याला वाटलं."

यात विठ्ठलाचं नाव कुठेही नाही. भिवाला तर ती काय पुटपुटते हेही कळलेलं नाही. पण वाचकाला कळतं, आणि भिवाला न कळणं हीच प्रेमकथेची जागा आहे. तिच्या आत असं काहीतरी आहे जिथं त्याला जागा नाही, आणि तो त्या दाराशी घुटमळतोय.

आता काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, तिथं मी ठाम बोलू शकत नाही. एक, वाचक कोण? वारकरी घरातल्या वाचकाला माळेचा अर्थ सांगावा लागत नाही, सांगितलात तर तो कंटाळेल. शहरातल्या विशीतल्या वाचकाला ज्येष्ठ वद्य म्हणजे कधी हेही ठाऊक नसेल. दोन, दोघांच्या जाती काय ठेवायच्या. तुम्ही कुणबी आणि वडार घेतलेत. तुम्ही ठरवलेलं म्हणजे ठरलं, पण मग त्याचे परिणाम शेवटपर्यंत न्यावे लागतील. तीन, नेमकं साल. यावर तुम्ही सर्वांत कमी विचार केलेला दिसतो, म्हणून आधी तेच घेतो.

बोरघाटाचं काम १८५६ला सुरू झालं आणि १८६३ला संपलं. साधारण पंधरा मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे. खालून गाडी १८५६च्या मे महिन्यात खोपोलीपर्यंत आली होती, वर खंडाळा ते पुणे १८५८च्या जूनमध्ये सुरू झाली. म्हणजे जवळजवळ पाच वर्षं मुंबईहून आलेला माणूस खोपोलीला उतरायचा, पालखीत, तट्टावर नाहीतर पायी घाट चढायचा आणि वर दुसरी गाडी पकडायचा. त्याच्या डोळ्यांदेखत हजारो माणसं डोंगर फोडत असायची. तुमच्या कादंबरीत हे कुठेच नाही. पालखीतून जाणारी माणसं आणि पाटी घेऊन बाजूला सरकणारी गोदा, हे दृश्य आयतं मिळतंय. घ्या ते.

साल ठरवलंत की संकटही ठरतं. १८५९च्या जानेवारीत मजुरी थकल्यामुळे घाटात दंगल झाली. गोरा कंत्राटदार कामाचा पैसा पोटमक्तेदाराला देई, तो मुकादमाला, आणि खालपर्यंत येता येता तो गळून जाई. त्यानंतर १८६०ला सरकारनं रेल्वे आणि सार्वजनिक कामांवरचे मजुरीचे तंटे लवकर निकाली काढण्यासाठी कायदा केला. पहिला कंत्राटदार फॅविएल १८५९मध्येच बाहेर पडला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांत आजारानं गेला, आणि त्याची बायको ॲलिस हिनं कंत्राट हातात घेऊन दोन इंजिनिअरांकरवी काम तडीस नेलं. १८६१च्या सुमारास घाटात चाळीस हजारांहून जास्त माणसं होती. तुमच्या आराखड्यात ॲलिसबाई गोदाला पोटाशी धरते असा प्रसंग दिसला. मोह समजतो. पण चाळीस हजारांतली एक पाटीवाली आणि कंत्राटाची मालकीण यांची गळाभेट वाचकाला पटणार नाही. ॲलिसला लांबून दिसू द्या, छत्रीखाली, घोड्यावर. "बाईच मालक हाय म्हनं" असं बायका कुजबुजतात एवढं पुरे. विधवा गोदा त्या विधवेकडे बघते, आणि ती काय विचार करते ते लिहू नका.

खलनायक गोराच हवा असंही नाही. जमशेटजी दोराबजींसारखे पारशी कंत्राटदार याच रेल्वेची मोठमोठी कामं करत होते. मजुराला रोज भेटणारा माणूस तर आपलाच, मुकादम. त्याला थोडा माणूस करा. त्याच्या गळ्यातही माळ असली तर? हजेरीत चोरी करणारा माळकरी मुकादम ही गोदाच्या श्रद्धेची दंगलीपेक्षा मोठी परीक्षा आहे.

आता प्रेमाकडे. झाडाआडच्या भेटी आणि चांदण्यातले संवाद मी सगळे काढायला सांगेन. छावणीत झाड उरलेलं नसतं आणि एकांत तर नसतोच. वडारांमध्ये घरच्या घरं कामाला असत, नवरा फोडणार आणि बायको वाहणार. त्यामुळे कुणाच्या फोडलेल्या दगडाची पाटी कोण उचलते, यावर सगळ्या छावणीचा डोळा. गोदा तिच्या गावच्या टोळीतली, तिनं तिकडचाच दगड उचलायचा. एके दिवशी ती भिवाच्या ढिगाशी जाऊन पाटी टेकवते. बस. तुमच्या कादंबरीतला हात धरण्याचा प्रसंग हाच, आणि तो भर उन्हात दोनशे माणसांसमोर घडतो. याच्याआधीची सत्तर पानं त्या एका टेकवण्याकडे गेली पाहिजेत.

विधवेच्या पुनर्विवाहाबद्दल तुमची एक चूक झालीय, आणि ती मला फार हस्तलिखितांत दिसते. १८५६ला विधवाविवाहाचा कायदा झाला म्हणून तुम्ही गोदाला त्या कायद्याची वाट बघायला लावलीय. ती ब्राह्मणाची लेक असती तर ठीक होतं. कुणब्यांत पाट लावायची रीत जुनीच होती. लग्नासारखा मान नाही, गाजावाजा नाही, बहुधा रात्रीच्या वेळी उरकायचं, पण व्हायचं. गोदापुढची अडचण विधवेनं लग्न करावं का ही नाहीच, वडाराशी करावं का ही आहे. तिथं इंग्रजांचा कायदा काही कामाचा नाही. तिथं जातपंचायत आहे, पहिल्या नवऱ्याचं घर आहे, आणि बाप आहे, जो रोज हरिपाठ म्हणतो आणि वडाराच्या हातचं पाणी पीत नाही. हे लिहिताना बापाला ढोंगी करू नका. दोन्ही गोष्टी तो तितक्याच मनापासून करतो.

इथून मुख्य मुद्द्याकडे येतो. तुमच्या छावणीत रात्री भजन होतं आणि सगळे एका दिंडीसारखे गोल बसतात. वाचायला बरं वाटतं, पण खरं वाटत नाही. घाटात कुणबी होते, वडार होते, महार, मांग, धनगर, कोळी होते. भजनाला टाळ एक असेल, पण पाण्याचे हंडे वेगळे. कोण टाळ धरतं, कोण उजेडाबाहेर बसून ऐकतं, ते लिहा. चोखोबांची कथा आठवून बघा. परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर त्याखाली गेले. नामदेव हाडं शोधायला आले तेव्हा ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं ओळखून त्यांनी ती पंढरपूरला नेली. समाधी महाद्वाराशी, पायरीपाशी. आत नाही. त्या देवळाचं दार अस्पृश्यांना उघडलं १९४७ला, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

बोगद्याचं काम करणाऱ्या माणसांना याहून जवळची कथा कुठली असणार? बांधकामावर ढिगाऱ्याखाली मेलेला संत! तुमच्या अकराव्या प्रकरणात बोगद्याची छत कोसळते. त्याच रात्री म्हातारा महार मजूर ही कथा सांगतो असं करा. आणि कथा संपल्यावर कुणीतरी पोरगं विचारू दे, "आपल्या मान्सांची हाडं कोन ऐकनार?" म्हाताऱ्याला उत्तर देऊ नका, तुम्हीही देऊ नका. माझ्या अनुभवात श्रद्धेच्या कादंबरीत सर्वांत जास्त विश्वास बसतो तो ज्या पानावर श्रद्धा गप्प राहते त्या पानावर.

चमत्काराविषयी तुम्ही विचारलंय. माझा एक नियम आहे, पटला तर घ्या: चमत्कार पात्राला दिसू दे, निवेदकानं त्याची साक्ष देऊ नये. गोदाला वाटलं की पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या साथीत विठ्ठलानं भिवाला वाचवलं, तर वाटू दे. भिवाला वाटू दे की मरीआईनं वाचवलं. शेजारची म्हातारी म्हणेल की पेज वेळेवर पाजली म्हणून वाचला. तिघांनाही बोलू द्या आणि पुढच्या प्रकरणाला लागा. पण निवेदक म्हणून तुम्ही स्वतः लिहिलंत की "भक्तीचा विजय झाला", तर त्याच छावणीत साथीत मेलेल्या पोराच्या आईनं काय समजायचं? तिचीही भक्ती होतीच की.

दुसरं, सगळा भार विठ्ठलावर टाकू नका. घाटाच्या माथ्यावर कार्ल्याची एकवीरा आहे, कोळ्याआगऱ्यांची आई. साथ आली की मरीआईचा गाडा निघतो, एका गावाच्या शिवेवरून दुसऱ्या गावाच्या शिवेवर ढकलला जातो. जेजुरीचा खंडोबा आहे, त्याची तळी भरणारे छावणीत खंडीभर असणार. आणि घाटातला शिंग्रोबा. धनगरानं साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि बदल्यात साहेबानं त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका. कुणी रस्त्याची वाट म्हणतं, कुणी रेल्वेची. जुन्या रस्त्यावरच्या त्याच्या देवळापाशी गाडीतून नाणं टाकणारे अजून आहेत. इतिहास म्हणून ती कथा छापू नका, पण छावणीतल्या एका धनगराच्या तोंडी घातलीत तर शोभेल. या माणसांना देव निवडावा लागत नव्हता, प्रसंगाप्रमाणे ते एकेकाकडे जात. गोदा मरीआईला नारळ देईल, आणि माळकरी असून दिला म्हणून रात्रभर तळमळेल. हेही प्रेमकथेतच येतं, कारण नारळ ती भिवासाठी देते.

मिशनरी पात्र मात्र मी काढून टाकेन. तुमचा पाद्री फक्त गोदाला वादात हरण्यासाठी आलाय. गंमत म्हणजे मराठी कादंबरीची सुरुवातच श्रद्धेच्या कादंबरीनं झाली. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ची, विधवांच्या दुःखाबद्दलची आणि ख्रिस्ती श्रद्धेतून लिहिलेली, म्हणजे तुमच्या भिवाचा घण चालू होता त्याच दिवसांतली. त्या माणसांची कळकळ खरी होती. पाद्री आणायचाच तर तेवढ्या ताकदीचा आणा, की गोदाला त्याचं उत्तर सुचू नये. नाहीतर नको.

किरकोळ चुका आता भराभर सांगतो. डायनामाइट काढा, नोबेलचं पेटंट १८६७चं आहे. घाटात काळी दारू ठासून वात लावत. (माझ्या पहिल्या कादंबरीत हीच चूक होती. पुस्तक छापून आल्यावर एका निवृत्त रेल्वेवाल्यानं पोस्टकार्ड पाठवलं, त्यावर फक्त "१८६७?" लिहिलं होतं. ते अजून टेबलावर आहे.) मजुरांच्या हातात चहाचे कप नकोत. भजनात पेटी नको, हातपेटी नंतरची. टाळ, मृदंग, वीणा, चिपळ्या. रॉकेलचा कंदील नको, तेलाचा दिवा किंवा टेंभा. गोदा गाथेचं छापील पुस्तक उघडते तेही काढा. सरकारी मदतीनं निघालेली तुकोबांची गाथा १८६९ची, आणि मुळात गोदाला वाचता येतं का? तिला अभंग पाठ आहेत, जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. एखादा अभंग चुकीचा पाठ असू द्या. आईकडून तसाच आलाय.

भिवाची भाषाही बघा. वडारांची घरातली बोली वेगळी, तेलुगूच्या वळणाची. तो गोदाशी मोडक्या मराठीत बोलेल, आईशी आपल्या बोलीत, आणि गोदाला त्यातलं काही कळणार नाही. विठ्ठलाला तर संतांनीच कानडा म्हटलंय. परक्या बोलीच्या माणसावर जीव जडणं तिच्या देवाच्याच गोष्टीत बसतं, हे तिला कधीतरी सुचू दे. तुम्ही सुचवू नका.

शेवटी रचनेबद्दल. तुमची कादंबरी मध्यात सैल पडते असं तुम्हालाच वाटतंय, आणि तिथंच तुम्ही सर्वांत जास्त अभंग घातलेत. मधली ती जागा पावसाळ्याची आहे. घाटातला पाऊस असा की बहुतेक काम बंद पडे आणि माणसं पांगत. कुणबी आपापल्या गावी, वडार पुढच्या कामाच्या शोधात. आता बघा. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते. गोदाला वारी करायचीय, नवरा गेल्यापासून राहिलीय. पण मावळ म्हणजे भाताचा मुलूख, आषाढात लावणी. बाप म्हणणार, लावणीला माणूस नाही आणि तू पंढरपूरला निघालीस? आणि भिवा कुठल्या दिशेला गेला ते ठाऊक नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही, दसऱ्यानंतर कामं सुरू होतील तेव्हा तो याच घाटात येईल की दुसऱ्या, कुणी सांगावं? नाशकाकडे थळघाटातही याच रेल्वे कंपनीचं काम चालू आहे आणि तिकडंही दगडच फोडायचाय.

वारी, लावणी आणि भिवा. तिन्ही ओढी एकाच महिन्यात, आणि एक धरली की दोन सुटतात. गोदा यातलं काय धरते ते तुम्ही अजून ठरवलेलं नाही, म्हणून मधला भाग सैल आहे आणि म्हणूनच अभंगांची भर घालावी लागतेय. सध्या लग्नाचं प्रकरण बाजूला ठेवा, दंगलीचंही ठेवा. चिखलात गुडघाभर उभी असलेली गोदा, हातात रोपांची मूठ, आणि पालखी पंढरपूरच्या वाटेवर असेल त्या दिवसांतली एक सकाळ, एवढंच आधी लिहा. दहा पानं झाली की पाठवा, मी वाचतो.